टॅटू काढायचाय? आधी हील झालेलं काम बघा, मग आर्टिस्ट ठरवा

आमच्या आजीच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण होतं. ठिपक्यांच्या रांगा, एक तुळस, आणि मनगटाजवळ तिच्या थोरल्या भावाचं नाव. लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलेलं. काजळी, कुठल्यातरी पाल्याचा रस आणि दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया, बस एवढ्यावर झालेलं काम. ती ऐंशी पार करून गेली तेव्हा कातडी पार सुरकुतली होती, पण तुळस तुळसच दिसायची आणि भावाचं नाव वाचता यायचं. ती आमच्या खान्देशातल्या अहिराणीत म्हणायची, "मरावर हाईच संगे येस रे भो, सोनंनाणं आठेच र्‍हास." म्हणजे मेल्यावर हेच सोबत येतं, सोनंनाणं इथेच राहतं.

माझा पहिला टॅटू मात्र सहा महिन्यांत बिघडला. एकवीस वर्षांचा होतो, एका मोबाईलच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एकजण टॅटू काढायचा, मनगटावर 'आई' काढून घेतलं. त्या दिवशी एकदम भारी दिसत होतं, फोटो काढला, स्टेटसला टाकला, सगळ्यांनी मस्त मस्त म्हटलं. महिन्याभरात रेघांच्या कडेला निळसर सावली पसरली, 'आ' आणि 'ई' मधली जागा भरत गेली आणि सहा महिन्यांनी ते लांबून मुका मार बसल्यासारखं दिसायला लागलं. आईला दाखवायची पण लाज वाटायची, आणि आईच्याच नावाचा टॅटू होता तो. याला ब्लोआउट म्हणतात हे नंतर कळलं, सुई गरजेपेक्षा खोल गेली की शाई खालच्या चरबीच्या थरात जाऊन पसरते. चार वर्षांनी दुसऱ्या एका आर्टिस्टने त्यावर कव्हरअप, म्हणजे जुना झाकणारा नवा टॅटू, करून दिला पण कव्हरअप म्हणजे आधीपेक्षा मोठा आणि गडद काढावाच लागतो, त्यामुळे हवा होता त्याच्या तिप्पट टॅटू आज हातावर आहे. तेव्हापासून घरातली, मित्रांची पोरं टॅटू काढायच्या आधी मला फोन करतात, तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो.

फोटो बघायचा पण कुठला

सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून आधी. कुठल्याही आर्टिस्टचं इन्स्टाग्राम उघडा, नव्वद टक्के फोटो टॅटू काढून झाल्या झाल्या घेतलेले असतात. कातडी ओली चकचकीत, काळा रंग कोळशासारखा काळा, वर रिंग लाइटचा उजेड आणि फिल्टर. त्या क्षणी चांगला आणि वाईट टॅटू जवळपास सारखाच दिसतो. माझा 'आई' पण त्या फोटोत झकास होता. खरं काम कळतं ते खपली पडून, कातडी भरून, दोन-तीन महिने गेल्यावर. म्हणून आर्टिस्टला सरळ मेसेज टाका, "भाऊ, हील झालेले फोटो दाखवा, सहा महिने, वर्षभर जुने." ज्याचं काम पक्कं आहे तो उत्साहाने दाखवतो, त्याला स्वतःला त्याचा अभिमान असतो. जो म्हणतो "कस्टमर परत येतच नाही हो", त्याला विचारा की मग टचअपला, म्हणजे सुटलेल्या रेघा परत भरून घ्यायला, कोण येतं?

फोटोत बघायचं काय तर लांब रेघ घ्या, ती एका जाडीची आहे का, मध्येच थरथरली आहे का. गोल घ्या, तो बंद होतो तिथे दोन्ही टोकं नीट जुळली आहेत का. मंडला, म्हणजे गोल नक्षी, असेल तर समोरासमोरच्या पाकळ्या सारख्या आहेत का. शेडिंग धुरासारखं हळूहळू फिकट होत गेलंय का मध्येच ठिगळं दिसतात. कातडीवर टॅटूच्या जागी उंचवटे, खरचटल्यासारखी चमक दिसली तर समजायचं की हात जड आहे, एकाच जागी सुई फिरवून फिरवून कातडी फाडलीये. शाई बसायला हवी ती साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलीवर, वर राहिली तर खपलीबरोबर निघून जाते, खाली गेली तर पसरते. आणि अंगावर सगळीकडे कातडी एकसारखी जाड नसते, मनगटाच्या आतली पातळ, खांद्याची जाड, घोट्याजवळची वेगळीच. हे सगळं हाताला कळायला वर्षं लागतात, सात दिवसांच्या क्लासचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून कळत नाही. सर्टिफिकेटवरून आठवलं, डॉक्टरला जशी कौन्सिल असते, रजिस्ट्रेशन नंबर असतो तसं टॅटूवाल्यांचं काही नाहीये, त्यामुळे फ्रेममधला कागद बघून अजिबात भुलू नका.

अजून एक, कातडीचा रंग बघा. पिंटरेस्टवरचे टॅटू बहुतेक गोऱ्या कातडीवर असतात. आपल्याकडची कातडी गव्हाळ ते सावळी, शेतात उन्हात काम करणाऱ्याची त्याहून काळवंडलेली. रंग कातडीच्या खाली बसतो आणि वरून आपलीच कातडी काचेसारखी असते, म्हणजे पिवळ्या काचेतून पांढरं पाहिलं तर पांढरं दिसेल का? पांढरी शाई वर्षभरात पिवळट होते नाहीतर दिसतच नाही, फिकट पिवळा, फिकट गुलाबी पण तसंच. सावळ्या कातडीवर चालतं ते गडद काळं, ठळक रेघा आणि मध्ये मोकळी सोडलेली कातडी. ज्याच्या फोटोंमध्ये आपल्यासारखे हात दिसत नाहीत त्याच्याकडे कितीही फॉलोअर असू द्या, मी जाणार नाही. आणि जो म्हणेल "कुठलाही रंग येईल, टेन्शन नको", त्याच्यापेक्षा "दादा हा रंग तुमच्या स्किनवर दिसणार नाही" म्हणणारा बरा.

फोटो चोरीचे पण असतात. एकाच पानावर एक टॅटू विदेशी बेडवर, दुसरा वेगळ्याच टेबलवर, तिसऱ्यावर अर्धवट कापलेला वॉटरमार्क, असं दिसलं की गुगल लेन्सवर तो फोटो टाकून बघा, दोन मिनिटांत कळतं मूळ कुठलाय. व्हिडिओ मागा, ज्यात त्याचा चेहरा, त्याचा हात आणि तोच टॅटू एकत्र दिसतो.

डिझाइन आधी, आर्टिस्ट नंतर

पोरं उलटं करतात, आधी दुकान गाठतात आणि मग तिथला अल्बम चाळत बसतात. आधी काय हवंय ते ठरवा. पोर्ट्रेट वेगळा हात मागतो, ठिपक्यांचं डॉटवर्क वेगळा, बारीक रेघांचं काम वेगळा. वडिलांचा चेहरा काढायचा असेल तर ज्याने दहा-पंधरा चेहरे काढलेत आणि त्यातले चार-पाच हील झालेले दाखवतो त्याच्याकडेच जा. चेहऱ्यात डोळा दोन मिलिमीटर सरकला की तो माणूस आपला बाप राहत नाही, दुसराच कोणीतरी होतो. सगळं काही जमतं म्हणणारा असतोही एखादा, पण कमी.

आणि नाव, श्लोक, 'माय', 'आई-बाबा', महाराजांचं नाव असं देवनागरीत काही हवं असेल तर इथे जरा थांबून वाचा कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त चुका याच कामात बघितल्यात. बरेच आर्टिस्ट फोनवरच्या ॲपमध्ये अक्षरं टाइप करून स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर उमटवायचा छाप, काढतात, काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते, रफार भलत्याच अक्षरावर चढतो. 'आशीर्वाद' मधली शी दीर्घ आहे आणि रफार 'वा' वर आहे, 'आशिर्वाद' कोरलेले हात मी स्वतः तीन पाहिलेत. आर्टिस्ट कधीकधी गुजरातेतला, यूपीचा असतो, त्याला ऱ्हस्व-दीर्घ आपल्यासारखं कळेलच असं नाही, जबाबदारी आपली. शाळेतल्या मराठीच्या सरांना किंवा बाईंना लिहून दाखवा, कागदावर छापून घ्या, घरातल्या दोन माणसांना मोठ्याने वाचायला लावा.

अक्षराचा आकार पण बघायचा. शाई दरवर्षी थोडी थोडी पसरतेच, कितीही चांगला आर्टिस्ट असला तरी. इंग्रजी अक्षरात जागा मोकळी असते, आपल्या 'क्ष', 'ज्ञ', 'श्र', 'ण' मध्ये पोकळ्या छोट्या, वर शिरोरेघ, वर मात्रा, खाली उकार. नखाएवढ्या जागेत चार शब्दांचा श्लोक बसवून देतो म्हणणाऱ्याला हे काम कळत नाही. अनुभवी माणूस स्वतःच सांगतो की अक्षर अजून मोठं घ्या, नाहीतर शब्द कमी करा. आजीच्या भावाचं नाव इतकी वर्षं वाचता आलं कारण प्रत्येक अक्षर करंगळीच्या पेराएवढं होतं.

दुकानात एक चक्कर, नुसती बघायला

पैसे देण्याआधी एकदा तरी जाऊन या, शक्यतो दुसऱ्या कोणाचं काम चालू असताना. लपवण्यासारखं काही नसेल तर आर्टिस्ट हरकत घेत नाही, ज्याचं काम चालू आहे त्याला फक्त विचारतो. तिथे बसून पुढच्या गोष्टी बघा, विचारायची पण गरज नाही.

सुई. ती तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, पाकिटावर एक्सपायरी आणि लॉट नंबर असतो, तो वाचायला मागा, मागायला काय लाजायचं. आजकाल बहुतेकांकडे कार्ट्रिज असतं, प्लास्टिकच्या नळीत सुया असतात आणि चांगल्या कार्ट्रिजमध्ये आत एक पडदा असतो जो रक्त-शाई मशीनमध्ये मागे जाऊ देत नाही. काम झालं की ते कार्ट्रिज सुयांच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात गेलं पाहिजे. ड्रॉवरमध्ये परत जाताना दिसलं तर उठा आणि बाहेर या.

शाई. मोठ्या बाटलीतून छोट्या छोट्या टोपीत काढतात, त्याला इंक कॅप म्हणतात, ती टोपी एका माणसासाठी एकदाच. उरलेली शाई फेकायची असते, परत बाटलीत ओतायची नाही. बाटलीवर कंपनी, लॉट, एक्सपायरी असावी. काळी शाई पातळ करून ग्रे बनवतात तेव्हा त्यात काय टाकतो ते नक्की बघा, नळाचं पाणी किंवा आरओचं पाणी चालत नाही, स्टराइल वॉटर लागतं जे मेडिकलवर मिळतं. हे मी उगाच भीती घालायला सांगत नाहीये. २०११ च्या शेवटी अमेरिकेत रोचेस्टर शहरात एकाच आर्टिस्टच्या १९ गिऱ्हाइकांना टॅटूच्या जागी पुरळ उठलं आणि ते आधीच पातळ करून विकलेल्या ग्रे शाईतल्या जंतूमुळे निघालं, क्षयाच्या जंतूच्या कुळातला जंतू. तिथे तर आर्टिस्टची बिचाऱ्याची चूकही नव्हती, शाईच खराब आली होती. युरोपियन युनियनने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांहून जास्त केमिकलवर बंधनं आणलीत, म्हणून काही बाटल्यांवर रीच असं त्या नियमाचं नाव लिहिलेलं दिसतं, ते दिसलं तर चांगलं. लाल रंगाची ॲलर्जी सगळ्यात जास्त लोकांना होते, लाल हवा असेल तर आधी एक ठिपका काढून महिनाभर वाट बघा.

हातमोजे. घातलेत का एवढं बघून भागत नाही, ते घालून अजून कशाकशाला हात लावतो ते बघा. फोन आला, मोजे घालूनच उचलला, चहाचा कप घेतला, परत हातात मशीन. असं दिवसभर चालतं काही ठिकाणी. जो नीट काम करतो त्याचे एका टॅटूत चार-पाच जोड जातात. मशीनला, वायरीला, दिव्याच्या दांड्याला, स्प्रेच्या बाटलीला प्लास्टिक गुंडाळलेलं असतं आणि गिऱ्हाईक बदललं की ते प्लास्टिक बदलतं.

आता एक गोष्ट जी जवळपास सगळ्यांना फसवते. निळा दिवा लागलेली छोटी काचेची पेटी असते, "भाऊ आपल्याकडे यूव्ही स्टरलायझर आहे" असं सांगतात. ती पेटी निर्जंतुक करत नाही, आधीच निर्जंतुक केलेली वस्तू फक्त ठेवायला असते ती. डेटॉलमध्ये बुडवणं, स्पिरिटने पुसणं, लायटरवर धरणं यानेही होत नाही. धातूची ग्रिप, म्हणजे मशीन धरायची मूठ, परत वापरायची असेल तर ऑटोक्लेव्ह लागतो, दिसायला प्रेशर कुकरसारखा, १२१ डिग्रीची वाफ, १५ पौंड दाब, पंधरा-वीस मिनिटं, आणि पाकिटावरच्या टेपच्या रेघा काळ्या झालेल्या दिसतात. मात्र सगळंच डिस्पोजेबल वापरणाऱ्याकडे ऑटोक्लेव्ह नसेल तर तो वाईट असं नाही, हे पण लक्षात ठेवा.

हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो. आपल्याकडे जत्रेत काय होतं? सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत म्हणा, होळीच्या आधी सातपुड्यातल्या भोंगऱ्या बाजारात म्हणा, बॅटरीवर चालणारं मशीन, शाईची एकच वाटी, पुसायचं एकच फडकं आणि समोर पोरा-पोरींची रांग. एका सुईने वीस हात. गोंदण ही आपली परंपरा आहे, भिल्ल-पावरा समाजात तर त्याला मोठा मान आहे आणि त्या आज्यांच्या हातावरचं काम बघून मी आजही थांबतो. पण हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात हे आता माहिती आहे, तेव्हा नव्हतं. जत्रेत गोंदवायचंच असेल तर ऑनलाइन सीलबंद सुई आणि शाईची टोपी स्वतःची न्या, तिलाच वापर म्हणून सांगा, आणि नाही म्हणाला तर तिथलं पारंपरिक चित्र कागदावर काढून आणा, चांगल्या आर्टिस्टकडून नंतर काढून घ्या. हेपॅटायटिस बीची लस मिळते, तीन डोस, पहिला घेतल्यावर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, टॅटू काढो न काढो ती घ्याच.

मशीन कुठलं आहे यावर फार डोकं लावू नका. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायलीने १८९१ साली विजेच्या टॅटू मशीनचं पेटंट घेतलं, एडिसनच्या इलेक्ट्रिक पेनवरून सुचलेलं, आणि आजपर्यंत मूळ तत्त्व तेच आहे, सुई वर-खाली होते. महागडं वायरलेस पेन असलेला कच्चा आणि खडखडणारं जुनं कॉइल मशीन असलेला पक्का, दोन्ही पाहिलेत. वायरलेसचा आपल्याकडे एकच मोठा फायदा, अर्ध्या टॅटूत लाइट गेली तरी काम थांबत नाही, पण उजेडाची आणि पंख्याची सोय आहे का ते विचारून घ्या.

त्याने तुम्हाला काय विचारलं

इतके दिवस आपण त्याची परीक्षा घ्यायची म्हणतो, पण चांगला आर्टिस्ट आधी तुमची घेतो. वय विचारेल, अठराच्या खाली असाल तर परत पाठवेल. शुगर आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, फिट येतात का, सोरायसिस आहे का, बाई असेल तर दिवस गेलेत का. जखम झाल्यावर कातडी फुगून गाठ येते का, म्हणजे केलॉइड, आपल्या लोकांत हे बऱ्यापैकी असतं आणि छाती, खांदा, पाठीचा वरचा भाग इथे जास्त होतं. लसीच्या किंवा कान टोचल्याच्या जागी तशी गाठ आलेली असेल तर स्वतःहून सांगा. यातलं काहीच न विचारता जो थेट "कुठला फॉन्ट घेऊ" विचारतो तिथून मी निघून येतो.

आणि आपल्या खान्देशात एक प्रश्न विचारलाच पाहिजे, "भरतीची तयारी करतोय का?" पहाटे चार वाजता रस्त्यावर पळणारी पोरं प्रत्येक गावात आहेत. सैन्यभरतीत कायमचा टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला, बाकी अंगावर नाही. आदिवासी जमातींच्या उमेदवारांना त्यांच्या प्रथेप्रमाणे सूट आहे. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांत अजून कडक, डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कारण सलाम उजव्याने करतात, किंवा पंजाच्या मागे, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी. माझ्या ओळखीतल्या एका पोराने दंडावर मोठा वाघ काढला, पळण्यात पहिला आला आणि मेडिकलला बाहेर झाला, त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही. त्याला टॅटू काढून देणाऱ्याने एक शब्द विचारला असता तरी पुरे होतं. भरतीची जाहिरात दरवेळी नीट वाचा, नियम बदलू शकतात. लेझरने काढून टाकू म्हणाल तर त्याला महिना-दीड महिन्याच्या अंतराने कित्येक बैठका लागतात, काळा त्यातल्या त्यात निघतो, हिरवा-निळा अवघड जातो आणि डाग राहू शकतो.

नाही म्हणणारा आर्टिस्ट हाच खरा आर्टिस्ट असं माझं स्पष्ट मत आहे. बोटांवरचा टॅटू टिकत नाही म्हणून नाही म्हणेल, तिळावर काढणार नाही म्हणेल, दारू पिऊन आलेल्याला परत पाठवेल, चार महिन्यांच्या प्रेमाचं नाव मानेवर काढायला आलेल्या पोराला म्हणेल की भो सहा महिन्यांनी ये. तो आजचे पैसे सोडतोय, का सोडतोय ते बघा.

मुलींसाठी वेगळं सांगतो. सोबत कोणीतरी घेऊन जा आणि सोबतच्या माणसाला आत बसू देत नसेल तर तिथे थांबू नका. टॅटूच्या जागेपुरतेच कपडे बाजूला करायचे असतात, त्यापेक्षा जास्त कशाचीही गरज नसते, पडदा पाहिजे, आणि हात लावायच्या आधी सांगायला पाहिजे. शंका आली तर अर्ध्यात उठायचा पूर्ण हक्क आहे, अर्धा टॅटू दुसरीकडे पूर्ण करता येतो.

गावात का बाहेर, आणि पैसे

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबारला आता चांगलं काम करणारी पोरं आहेत, आधी जवळच बघा. रोजच्या साध्या कामासाठी, नाव, त्रिशूळ, छोटं फूल, बाहेर जायची गरज नाही. मोठं पोर्ट्रेट किंवा पूर्ण हात भरायचा असेल तर नाशिक, सुरत, पुणे, इंदूर असा विचार करायला हरकत नाही, नंदुरबारवाल्यांना तर सुरत रेल्वेने जवळच. फक्त एक धरून चाला, मोठा टॅटू एका बैठकीत होत नाही आणि टचअपला पुन्हा जावंच लागतं, तेव्हा तिकिटाचा आणि राहण्याचा खर्च टॅटूतच पकडा. बाहेरचा आर्टिस्ट दोन दिवसांसाठी आपल्या गावात येऊन काम करतो तेव्हा पण विचारा, टचअप कोण करणार?

भाव इंचावर असतो किंवा बैठकीवर. सगळ्यात स्वस्त कोण हे शोधत फिरू नका. नवीन कार्ट्रिज, टोप्या, मोजे, प्लास्टिक, चांगली शाई, स्टेन्सिल पेपर या सगळ्याचा खर्च आहे, "एकावर एक फ्री" म्हणणारा यातलं काहीतरी वाचवणारच. आणि महाग म्हणजे चांगला असं पण नाही, हील झालेला फोटो बघितल्याशिवाय भावाला काही अर्थ नाही. डिपॉझिट मागणं रास्त आहे, डिझाइनला त्याचा वेळ जातो. टचअप फुकट आहे का आणि किती दिवसांत, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. बधिर करायची क्रीम लावणार असेल तर कुठली ते विचारा, त्यात लिडोकेन असतं, मोठ्या भागावर जाड थर देणं धोक्याचं आहे, ज्याच्याकडे डब्यावर नाव नाही अशी क्रीम नको.

वेळ कधीची घ्यायची, तर आपल्याकडे दिवाळीनंतर ते जानेवारी. एप्रिल-मे मध्ये ४५ डिग्रीत घाम, धूळ आणि ऊन, ताज्या जखमेला याहून वाईट काही नाही. जो आर्टिस्ट मे महिन्यात शेतकऱ्याच्या पोराच्या हातावर मोठा टॅटू काढायच्या आधी "शेतात जातोस का" विचारतो तो मला आवडतो. कपाशीवर फवारणी चालू असेल, केळीच्या बागेत घड कापायचं काम असेल, तर दोन-तीन आठवडे तो हात कामातून सुटेल अशी वेळ धरा. औषध उडतं, केळीचा चीक लागतो, आणि उघड्या कातडीला दोन्ही चालत नाही. तापीत, गिरणेत, विहिरीत पोहणं पण तितके दिवस बंद. रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर बारा महिने करता येत नाही, त्या हिशेबाने आधी करून घ्या.

त्या दिवशी

जेवून जा, झोप घेऊन जा, आदल्या रात्री दारू नको. स्टेन्सिल लावल्यावर लगेच आडवे पडू नका. उभे राहा, हात सैल सोडा, आरशात बघा, फोटो काढून बघा. झोपून सरळ दिसणारी रेघ उभं राहिल्यावर वाकडी दिसते. अक्षरं पुन्हा एकदा वाचा, एक एक मात्रा. स्टेन्सिल तीनदा पुसून पुन्हा लावायला सांगितलं तरी चांगला आर्टिस्ट कुरकुर करत नाही, कारण ती पुसता येते. नंतर दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायची, मग सुई.

काम झाल्यावर काळजी कशी घ्यायची ते तो तोंडी न सांगता लिहून देतो का बघा. साध्या बिनवासाच्या साबणाने हलकं धुणं, स्वच्छ कापडाने टिपणं, पातळ थर मलमाचा, खपली न ओढणं. हळद, खोबरेल, शेजारच्या काकूंचा लेप यातलं काही लावू नका. दोन-चार दिवस लाल राहणं, थोडं दुखणं ठीक आहे. लाली पसरत चालली, पू आला, ताप आला, गाठी उठल्या तर त्याला फोन करा आणि त्याच दिवशी स्किनच्या डॉक्टरकडे जा. "होतं तसं, खोबरेल लाव" असं उत्तर मिळालं तर त्याचं ऐकत बसू नका.

दोन महिने झाले की सकाळच्या उजेडात, फिल्टर न लावता त्याच टॅटूचा फोटो काढा आणि आर्टिस्टला पाठवा. रेघ कुठे सुटली असेल तर त्यावरूनच तो टचअपची तारीख देतो. माझ्या कव्हरअपवाल्याने माझा फोटो दीड वर्षाने पुन्हा मागवून घेतला होता, आणि आता नवीन येणाऱ्याला तो पहिला तोच दाखवतो.